खान्देशात आकाशवेड्यांचा मेळावा भरवायचा आहे, सल्ला हवा

गिरणाकाठ

रामराम मंडळी.

गेल्या वर्षी २९ मार्चला आम्ही बारा जण चाळीसगावच्या दक्षिणेला एका मळ्यात मेसिए मॅरेथॉनला बसलो होतो. शनिवार होता, अमावस्या होती, आभाळ निरभ्र होतं. रात्री दोनपर्यंत सत्तरच्या वर नोंदी झाल्या. मग एकेकाचे घरून फोन सुरू झाले. सकाळी पाडवा. गुढी उभारायची, श्रीखंड आणायचं, कुणाच्या घरी नवी गाडी यायची होती. तीन वाजता दुर्बिणीपाशी आम्ही दोघंच उरलो आणि धनु-वृश्चिकेतला सगळा ऐवज दोघांनीच पाहिला.

हे एका वर्षाचं दुखणं नाही. मेसिएच्या यादीतले ११० गुच्छ, तेजोमेघ आणि दीर्घिका एका रात्रीत बघायच्या तर मार्चअखेर ते एप्रिलची सुरुवात एवढाच काळ जमतो, कारण सूर्य तेव्हा आकाशाच्या ज्या भागात असतो तिथे यादीतलं फारसं काही नाही. त्या काळातली अमावस्या म्हणजे आपली फाल्गुनी अमावस्या, आणि तिच्या उजेडी कायम पाडवा. यंदा तर पाडवा १९ मार्चला गुरुवारी आला, म्हणजे अमावस्येची रात्र बुधवारची. आमच्यातले निम्मे शिक्षक आहेत, परीक्षांच्या दिवसांत बुधवारी रात्री कोण येणार?

तरीही त्या रात्रीनंतर माझ्या मनात हेच घोळतंय की जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या आकाश बघणाऱ्यांचा दोन रात्रींचा मेळावा व्हावा. आपण थोडे आहोत आणि विखुरलेले आहोत. अमळनेरला कुणीतरी घरी आरसा घासून सहा इंची दुर्बीण केली आहे आणि शहाद्याला दुसरं कुणी तेच करतंय, हे दोघांना एकमेकांविषयी माहीत नसतं. आठवी-नववीची मुलं मोबाइलवर तारे ओळखतात, पण खऱ्या दुर्बिणीला त्यांनी डोळा लावलेला नसतो. मोठे कार्यक्रम पुण्या-मुंबईला होतात. तिथे जाऊन यायचं म्हणजे दोन दिवस, भाडं आणि राहण्याचा खर्च. आणि तिथे सभागृह असतं, आकाश नसतं.

मी आधी एकदा हा खटाटोप करून पाहिला आहे, तो अनुभव सांगतो म्हणजे चर्चा हवेत राहणार नाही. तीन वर्षांपूर्वी व्हॉट्सअ‍ॅपवर ११० जणांनी 'येतो' म्हणून कळवलं. स्वयंपाक शंभराचा सांगितला. आले ४३. उरलेलं अन्न रात्रीच जवळच्या आश्रमशाळेत पोचवलं, ते वाया गेलं नाही एवढंच समाधान. मंडपवाल्याला मी चार वेळा सांगितलं होतं की फक्त सावली हवी, दिवे नकोत. त्याने मंडपाच्या चारही कोपऱ्यांना हॅलोजन लावले, कारण त्याच्या लेखी अंधारातला मंडप म्हणजे त्याचीच बदनामी. उद्घाटनाला बोलावलेले पाहुणे साडेपाचऐवजी आठला आले, सहा गाड्यांचे हेडलाइट घेऊन. हार, नारळ, सत्कार, भाषणं यात साडेनऊ वाजले. जी मुलं देवयानी दीर्घिका बघायला आली होती ती सतरंजीवर झोपून गेली. ती झोपलेली मुलं मला अजून दिसतात. या वेळी तसं होऊ द्यायचं नाही.

माझा कच्चा बेत असा आहे. ६० जण, एकही जास्त नाही. जागा चाळीसगाव भागात, कारण मुंबई-भुसावळ मुख्य लाइनवरचं स्टेशन आहे, धुळ्याला फाटा आहे, आणि दुर्बिणी घेऊन एसटीपेक्षा रेल्वे बरी पडते. एक दिवस चाळीसगावजवळच्या डोंगरातल्या पाटणादेवीच्या मंदिराला जायचं. तारीख, पैसे, राहण्याची सोय या तिन्हीवर मला मोकळं मत हवं आहे. हातचं राखू नका.

अंधारयात्री

धागा काढलात, फार बरं वाटलं. मी मूळचा पाचोऱ्याचा, सध्या पुण्यात. माझं प्रामाणिक मत सांगतो. पहिला मेळावा पुण्यात किंवा निदान नाशिकला घ्या. वक्ते मिळतात, सभागृह मिळतं, दुर्बिणी विकणारे स्वतःचे स्टॉल लावतात आणि त्यातून अर्धा खर्च निघतो. एकदा नाव झालं की पुढच्या वर्षी खान्देशात न्या.

तिकडेच करायचं ठरलं तर तोरणमाळ का नाही? सातपुड्यात हजार मीटरच्या वर, आजूबाजूला मोठं शहर नाही. महाराष्ट्रात त्याहून काळं आकाश मी पाहिलेलं नाही.

तापीकाठ

भाऊ, तुम्हनं म्हननं खरं शे, तोरणमाळसारखं आभाळ दुसरीकडे नही. मी शहाद्याचा, वर्षातून चार वेळा जातो. पण ६० माणसं घेऊन मी तिथे जाणार नाही. शहाद्यापासून पन्नासेक किलोमीटर, त्यात सातपायरीचा घाट. रात्री कुणाला त्रास झाला तर मोठं हॉस्पिटल खाली, आणि वर मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. जळगावहून येणाऱ्याचा सगळा दिवस रस्त्यातच जातो. आठ-दहा जाणत्या माणसांची मोहीम तिथे न्या, मेळावा नको.

ढगांचं काय करायचं हे मात्र आत्ताच ठरवा. २२ जुलै २००९ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा सुरतवरून इंदूरकडे जाताना आमच्या डोक्यावरून गेला. भर पावसाळ्याचे दिवस. आम्ही पहाटेपासून टेकडीवर चष्मे, गाळण्या, कॅमेरे मांडून बसलो. सूर्याचा ठिपकासुद्धा दिसला नाही. एकाएकी अंधार पडला, पाखरं गप्प झाली, मिनिटांत पुन्हा उजाडलं. माझ्यासोबत पन्नासेक माणसं होती आणि त्यानंतर त्यांना सांगायला माझ्याकडे काहीही नव्हतं. माणसं चहा पिऊन निघून गेली. आयुष्यात पुन्हा न येणारी ती सकाळ ढगांनी नेलीच, पण जमलेल्या माणसांना चार गोष्टी देता आल्या असत्या, त्याही मी दिल्या नाहीत. ढगाळ रात्रीचा कार्यक्रम स्वच्छ रात्रीइतक्याच मनापासून आखायचा असतो, हे मी तेव्हा शिकलो.

पांझरेकाठची

मी धुळ्याची. सहा वर्षं आकाशनिरीक्षण करते, माझ्याकडे १० बाय ५० ची द्विनेत्री आणि आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण आहे. या धाग्यावर अजून कुणी न काढलेला विषय काढते.

बाईला रात्रभर आकाश बघायला घराबाहेर पडायचं असेल तर घरचे पहिला प्रश्न तारखेचा विचारत नाहीत. कोण कोण आहे, झोपायचं कुठे, आणि संडास कुठे, हे विचारतात. मी दोन कार्यक्रमांना गेले. एका ठिकाणी 'पलीकडे शेत आहे' असं सांगितलं गेलं. दुसऱ्या ठिकाणी शौचालय होतं, पण त्याच्या वाटेवर दिवा नको म्हणून पूर्ण अंधार. मी संध्याकाळी पाचनंतर पाणी प्यायले नाही. रात्री दोनला डोकं इतकं दुखत होतं की एम ४२, म्हणजे मृगातला तेजोमेघ, समोर असून त्यात जीव रमला नाही.

अंधार हवा हे मला मान्य आहे, तुमच्याइतकाच हवा आहे. म्हणून वाटेवर जमिनीलगत गुडघ्याच्या खाली लाल दिवे लावा, तोंड खाली करून. लाल जिलेटिन कागद दोन पदरी गुंडाळला की साधा एलईडीसुद्धा चालतो. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मंद लाल उजेडाने ती मोडत नाही. बायकांसाठी वेगळी फिरती शौचालयं, आत कडी, आत हुक, पाण्याचं पिंप आणि कचऱ्याचा झाकणाचा डबा. झोपायला दार लागणारी खोली. आणि संयोजकांत निदान दोन बाया, ज्यांचे नंबर घरी देऊन येता येईल. हे जमलं तर माझ्या ओळखीच्या सात जणी नक्की येतील. त्यांतल्या तिघींनी आजवर एकही रात्र बाहेर बसून आकाश पाहिलेलं नाही, त्या गच्चीवरूनच शिकल्या आहेत.

गिरणाकाठ

ताई, हे माझ्या बेतात नव्हतं, आणि ते सगळ्यांत आधी असायला हवं होतं. मंडपाच्या आधी शौचालयांची इसारत देऊ. संयोजकांत तुम्ही याल का?

अंधारयात्री, पुण्याला माझा ठाम नकार आहे. स्टॉल लागतील हे खरं. पण आपल्याला जमवायचाय तो भडगावचा मुलगा पुण्याला येणार नाही, आणि त्याच्यासाठीच हे चाललंय. नाव होण्याची मला घाई नाही. वक्त्यांना मात्र तुम्ही इकडे घेऊन या.

पऱ्हाटी

चोपड्याचा शेतकरी आहे, कपाशी आणि केळी. दुर्बीण नाही, पण रात्री पाणी भरताना माझ्याइतकं आभाळ फार थोड्यांनी पाहिलं असेल.

मार्च सोडून द्या. दिवसा चाळीसला टेकतं, रात्रभर जागलेला माणूस दिवसा तंबूत झोपू शकत नाही. शिवाय डोंगरात वणवे लागलेले असतात, त्या धुराने क्षितिज मळलेलं असतं.

डिसेंबर चांगला, पण जागा बघून घ्या. हरभरा-गव्हाला पाणी चालू असतं. शेतीची लाइन ज्या आठवड्यात रात्रीची असते त्या आठवड्यात रानोरान बॅटऱ्या फिरतात, आणि त्यांना बंद करा म्हणायचा आपल्याला हक्क नाही. ओल्या रानाजवळ बसलात तर पहाटे धुई उतरते आणि दंव पडतं, तुमच्या काचा पुसून पुसून हात दुखतील. म्हणून बागायत सोडून बरड जमिनीचा माळ बघा. आणि ज्वारी काढलेलं रान कुणी फुकट देत असेल तर आधी वखर मारून घ्या. धसकटं रात्री दिसत नाहीत, चपलेतून पायात जातात. वखरानंतर चार दिवस जाऊ द्या, नाहीतर माती उडून दुर्बिणीत बसेल.

जुनीलिपी

पाटणादेवीचं नाव निघालं म्हणून लिहितो. तिथलं जुनं पाटण गाव गणिती-ज्योतिषी भास्कराचार्यांशी जोडलं जातं. बॅनरवर 'भास्कराचार्यांच्या जन्मभूमीत' असं छापू नका, ही हात जोडून विनंती. भास्कराचार्यांनी स्वतः आपला जन्म शके १०३६ चा आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी सिद्धान्तशिरोमणी लिहिला असं सांगितलंय, म्हणजे ग्रंथ इसवी सन ११५० चा. गाव त्यांनी सह्याद्रीच्या आश्रयाचं विज्जडविड सांगितलं. ते नेमकं कोणतं यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

पण पाटणची जी गोष्ट पक्की आहे ती मला जन्मभूमीच्या दाव्यापेक्षा मोठी वाटते. तिथला शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्या मठाला दान दिलं. लेखात शके ११२८, श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहणाची वेळ असं नोंदलंय. आकाशाच्या अभ्यासाला दान द्यायला ग्रहणाचीच वेळ निवडली गेली.

आणि दान कसलं, तर लेखाचा शेवटचा भाग चक्क जुन्या मराठीत आहे. पेठेत माल येईल त्यावरचा राजाचा वाटा मठाला. जेवढे तेलाचे घाणे चालतील तेवढ्यांकडून पळी पळी तेल. गावात जे मोजलं जाईल ते मठाच्या मापाने मोजावं. आठशे वर्षांपूर्वी आपल्या भागात खगोल शिकवण्याचा खर्च गावचा बाजार असा उचलत होता. गिरणाकाठ, तुम्ही पैशांविषयी विचारलंत म्हणून हे सांगावंसं वाटलं.

गिरणाकाठ

जुनीलिपी, तुमचा प्रतिसाद मी रात्री दोनदा वाचला आणि सकाळी बायकोला वाचून दाखवला. पळी पळी तेल. माझी पैशांची सगळी मांडणी यामुळे बदलली.

आचारी, मंडप, गाद्या-रजया, शौचालयं, वक्त्यांचं भाडं धरून माझा हिशेब माणशी बाराशेच्या आसपास जात होता. नोकरदाराला ते जड नाही, विद्यार्थ्याला आणि हंगामात हात अडकलेल्या शेतकऱ्याला आहे. एखाद्या मोठ्या दुकानदाराकडून रक्कम घ्यावी असं काही जण सुचवतात. तो रक्कम देतो, पण मग त्याचा फ्लेक्स लागतो, फ्लेक्सवर दिवा लागतो, आणि सत्काराला तास जातो. त्यापेक्षा ज्याला जे जमेल ते त्याने आणावं. कुणी ज्वारीचं पीठ, कुणी वांगी, कुणी दूध, कुणी ट्रॅक्टरच्या दोन बॅटऱ्या, कुणी घरच्या दहा रजया. जे पैशाशिवाय होत नाही, म्हणजे शौचालयं आणि गाड्या, तेवढ्यापुरतीच वर्गणी काढू. ती प्रत्येकाने आधी भरायची, थोडी का होईना. 'येतो' म्हणणारे ११० आणि येणारे ४३ यातला फरक मला त्या शंभर-दोनशे रुपयांतच दिसतो. विद्यार्थ्याकडून पैसे नकोत, त्याच्या मुख्याध्यापकांची किंवा पालकांची सही मात्र हवी.

भुसावळकर

डिसेंबरवर एक आकडेमोड. यंदा ९ डिसेंबरला अमावस्या आहे. १२ डिसेंबरला शनिवार. चंद्राची कोर त्या दिवशी रात्री नऊच्या सुमारास मावळेल, पुढे पहाटेपर्यंत काळोख. मिथुन राशीतल्या उल्कावर्षावाचा भर १३-१४ च्या रात्री असतो, त्यामुळे शनिवारी रात्रीच बऱ्यापैकी उल्का सुरू झालेल्या असतील आणि रविवारी थांबणाऱ्यांना ऐन भर मिळेल. उल्का बघायला दुर्बीण लागत नाही, ज्याच्याकडे काही नाही त्यालाही पाठीवर पडून सगळं दिसतं. नव्या माणसाला यापेक्षा चांगली पहिली रात्र नाही.

संध्याकाळी शनी चांगला वर असेल. त्याची कडी गेल्या वर्षी आपल्याला कडेवरून दिसली होती, त्यामुळे अजून निमुळतीच आहेत, हे मुलांना आधी सांगा, नाहीतर पुस्तकातलं चित्र मनात धरून ती हिरमुसतात. गुरू रात्री उशिरा उगवेल.

अडचण एकच. मार्गशीर्ष लागलेला असेल, चंपाषष्ठी लगेच पुढे, आणि लग्नाचे मुहूर्त. आचारी आणि मंडपवाले दिवाळीच्या आधीच बांधून घ्या.

अंधारयात्री

पुण्याचा आग्रह मागे घेतो. शिलालेखाचं वाचल्यावर तो धरवत नाही. १२ डिसेंबर चांगलीच आहे. मी दोन वक्ते आणतो, दोघेही मानधन घेणार नाहीत.

मग निरीक्षणही पाटणादेवीच्या मंदिराच्या आवारातच करू ना? ती जागा, ती रात्र, मुलांना जन्मभर आठवेल.

गिरणाकाठ

मलाही आधी तेच वाटत होतं. पण ते गौताळा-औट्रमघाट अभयारण्य आहे, १९८६ पासून. तिथे बिबट्या आहे, आणि रात्र त्याची आहे. साठ माणसं, बॅटऱ्या, जनरेटर, रात्रभर बोलणं हे अभयारण्यात नेण्याची परवानगी मिळाली तरी मी नेणार नाही. ज्या अंधारासाठी आपण हळहळतो तो त्या प्राण्यांनाही लागतो. दिवसा रीतसर जाऊ, देवीचं दर्शन घेऊ, लेखाविषयी जुनीलिपी बोलतील, आणि संध्याकाळच्या आत बाहेर.

दुसरं कारण आकाशाचंच. पाटणादेवी डोंगराच्या उत्तरेच्या पायथ्याशी आहे, म्हणजे दक्षिण क्षितिज डोंगराने झाकलेलं. आपल्याकडे अगस्त्याचा तारा दक्षिणेला सतरा अंशांपर्यंतच चढतो. डोंगर अगदी उशाशी असेल तर तो दिसायचाच नाही. तीन-चार किलोमीटर उत्तरेला सरकलं की तोच डोंगर पाच-सहा अंशांत मावतो आणि वर पलीकडच्या गावांचा उजेड अडवतो. मी तशीच जागा पाहून ठेवली आहे, बरड माळ आहे. पऱ्हाटीभाऊ, वखराचं लक्षात आहे.

पांझरेकाठची

संयोजकांत येते. अजून दोघी आहेत सोबत.

ज्या गावाच्या माळावर जमणार त्या गावाला आधी बोलवा. रस्त्यावरचे दिवे बंद करा असं पत्र घेऊन ग्रामपंचायतीत जाऊ नका. नव्या पांढऱ्या एलईडीमुळे रात्री बायका निर्धास्त चालतात, ते दिवे लोकांनी मागून घेतलेत. शुक्रवारी संध्याकाळी चारच दुर्बिणी शाळेच्या पटांगणात लावू. चंद्राची बारीक कोर आणि शनी, दोनच गोष्टी. सगळं गाव बघून जाऊ दे. त्यानंतर माळाकडे तोंड असलेले दोन-तीन दिवे शनिवारी रात्री झाकता येतील का असं विचारलं तर लोक स्वतः शिडी आणतील, हा माझा एका गावातला अनुभव आहे. तिथे सरपंचबाई स्वतः रांगेत उभ्या होत्या.

तापीकाठ

जेवणाचं कुणी बोललंच नाही. डिसेंबर म्हणजे भरिताचा महिना. पण वांगी पऱ्हाट्यांवर भाजायची तर जाळ आणि धूर होणार, म्हणून भरीत-पुरी शनिवारी दुपारी करा, जाळ चारच्या आत विझवून राख पाण्याने शिंपून टाका. संध्याकाळी सूर्य असतानाच कळण्याची भाकरी, ठेचा आणि शेवभाजी. रात्री स्वयंपाकघर बंद. गुळ-शेंगदाणे, फुटाणे आणि थर्मासमधला चहा. पहाटे चारला ज्वारीच्या पिठाची गरम आंबील मिळाली तर माणूस उजाडेपर्यंत टिकतो. मी आचाऱ्याबरोबर थांबतो, त्याला लाल उजेडात काम करायची सवय नसेल.

ढगांच्या रात्रीसाठी माझा बेत असा. शाळेच्या खोलीत दुर्बिणीचे आरसे जुळवून दाखवायचे, प्रत्येकाच्या हातून करून घ्यायचं. आपल्याकडच्या निम्म्या दुर्बिणी आरसा हललेला असल्यामुळे धूसर दाखवतात आणि मालकाला वाटतं दुर्बीणच वाईट. तेवढं शिकून गेला तरी माणूस रिकाम्या हाताने गेला नाही.

पऱ्हाटी

मुख्य गोष्ट राहिली. पुण्याचे वक्ते बोलतील ते ऐकूच. पण आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना आभाळ पाठ आहे. सप्तर्षी म्हणजे म्हातारीची बाज आणि ती चोरायला निघालेले तीन चोर. मृगातले तीन तारे म्हणजे तिकांडं. घड्याळ नव्हतं तेव्हा तिकांडं कुठे आलं ते बघून बाऱ्यावरचा, म्हणजे पाणी भरणारा माणूस दुसऱ्याला उठवायचा. शुक्राची चांदणी उगवली की औत जुंपायचं. माझे वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, ही सगळी नावं त्यांना येतात आणि मला अर्धीच येतात. माझ्या मुलाला एकही येत नाही, तो इंग्रजीतली सांगतो. त्यांना बोलवाल का?

गिरणाकाठ

बोलवाल का काय विचारता, त्यांच्यासाठी गाडी पाठवतो. अहिराणीत बोलू देत, सगळ्यांना कळतं. कुणीतरी रेकॉर्ड करा, आणि ज्याला ज्या गावातलं जे नाव माहीत असेल ते त्या रात्री वहीत उतरवू.

आता ठरलेलं लिहितो. शुक्रवार ११ ते रविवार १३ डिसेंबर. ६० जण, त्यातल्या २० जागा विद्यार्थ्यांच्या आणि २० बायकांच्या राखीव. त्या गणेशोत्सवापर्यंत भरल्या नाहीत तरच इतरांना. शौचालयं आणि बायकांची खोली पांझरेकाठच्या ताईंकडे, जेवण तापीकाठांकडे, तारांगणाचा तक्ता भुसावळकरांकडे. उद्घाटन नाही, पाहुणे नाहीत, सत्कार नाही. सूर्य मावळल्यानंतर माळावर एकही गाडी सुरू होणार नाही, उशिरा येणाऱ्याने गाडी गावात ठेवून चालत यायचं. हा नियम सगळ्यांना, कुणी कितीही मोठं असलं तरी.

पऱ्हाटीभाऊ, वडिलांना शनिवारी रात्री साडेआठची वेळ ठेवतो, जेवणं झालेली असतील आणि मुलं जागी असतील. चालेल ना?

पऱ्हाटी

विचारलं त्यांना. येतो म्हणाले, पण साडेआठ नको. तिकांडं माथ्यावर आल्याशिवाय मी काय दाखवू, म्हणाले. म्हणजे मध्यरात्र धरा. आणि खुर्ची नको, एक बाज टाका म्हणाले, पडूनच सांगेन.